गळा, वाद्य आणि फड : कोल्हापूर परिसरातील लोकसंगीत आणि स्त्रिया

कोल्हापूरच्या लोकसंगीताची जी प्रतिमा जिल्ह्याबाहेर रूढ झाली आहे, तिच्यात डफावर थाप मारून पोवाडा उचलणारा फेटेधारी शाहीर असतो, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेतले धनगरी ढोल आणि कैताळ असतात, कुस्तीच्या मैदानात घुमणारी हलगी असते. आणि ही सारी चित्रे पुरुषांची आहेत. प्रत्यक्षात या परिसरातील गीतांचा फार मोठा साठा पिढ्यानपिढ्या बायकांच्या मुखात राहिला आणि दळणकांडण, सणवार, देवीचे जागर व तमाशाचा बोर्ड अशा निरनिराळ्या ठिकाणी त्यांनीच तो गाऊन जिवंत ठेवला. बाईच्या गळ्याला या संस्कृतीने कधी ना म्हटले नाही. तिच्या हाती वाद्य देण्याला आणि गाण्याची सूत्रे तिच्याकडे सोपवण्याला मात्र फार काळ हरकत राहिली, आणि आजच्या स्थितीचे मूल्यमापन करायचे तर ते याच मुद्द्यावरून करावे लागते.

या परंपरेचा तळ म्हणजे जात्यावरची ओवी. ही ओवी बहुधा दोन ओळींची असते. तिची लय जात्याच्या फेऱ्यातून येते, खुंट्याला धरलेल्या हाताच्या गतीने शब्द लांबतात वा आखडतात, आणि मधूनमधून येणारे ‘बाई’, ‘सांगते’ यांसारखे शब्द अर्थासाठी नव्हे तर फेरा पुरा होण्यासाठी येतात. त्यामुळे या ओवीला वेगळ्या तालवाद्याची गरजच पडली नाही. भाऊ, माहेर, सासूचा जाच, पंढरीचा विठ्ठल, वाडी रत्नागिरीचा जोतिबा आणि करवीरची अंबाबाई असे विषय तिच्यात सहज शेजारी बसतात, आणि गाणारीच बहुतेक वेळा रचणारीही असते. विजेवर चालणारी पिठाची गिरणी खेडोपाडी पोचली तेव्हा बाईचे पहाटेचे कष्ट वाचले, आणि हा लाभ मोठाच होता. परंतु त्याबरोबर ओवी गाण्याचे निमित्तही गेले. आज कोल्हापूरच्या ग्रामीण भागात ओवी आठवणाऱ्या स्त्रिया मुख्यतः वृद्ध आहेत, आणि लग्नात हळद दळण्याच्या विधीपुरते जाते मांडले जाते तेवढ्यापुरतीच ती सर्वांसमोर ऐकू येते.

झिम्मा-फुगडीची गाणी तुलनेने अधिक तगली, कारण त्यांचे निमित्त श्रमाचे नसून सणाचे आहे. नागपंचमीपासून गौरी-गणपतीपर्यंतच्या काळात, विशेषतः गौरी जागवण्याच्या रात्री, बायका एकत्र येऊन फेर धरतात; टाळी, पायांचा ठेका आणि फुगडीच्या वेळी तोंडाने घातला जाणारा ‘पकवा’, म्हणजे श्वासाच्या आघातांनी धरलेला ताल, एवढ्यावर सारे गाणे उभे राहते. सूप, घागर, लाटणे या घरातल्या वस्तूंचा खेळासाठी वापर होतो तोही याच वृत्तीने. ज्यांना वाद्य मिळाले नाही त्यांनी शरीर आणि स्वयंपाकघर यांतून ताल निर्माण केला, ही गोष्ट लोकसंगीताच्या अभ्यासकांनी जितकी गंभीरपणे घ्यायला हवी होती तितकी घेतली नाही. गीतांचे शब्द अनेकांनी छापले. ठेक्यांची आणि चालींची नोंद मात्र अगदीच थोड्यांनी केली.

शब्दसंग्रहाच्या बाबतीत दक्षिण महाराष्ट्राचे ऋण मोठे आहे. सांगली जिल्ह्यातील बागणी या गावी १९२० साली जन्मलेल्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून स्त्रीगीतांचे खंडामागून खंड प्रसिद्ध केले, तर सांगलीलाच कार्यक्षेत्र मानलेल्या डॉ. तारा भवाळकर यांनी या गीतांमधला स्त्रीचा स्वतःचा आवाज, विशेषतः सीतेकडे पाहण्याची तिची वेगळी दृष्टी, समीक्षेच्या पातळीवर आणली. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आणि त्यांतील बऱ्याच गाणारणींच्या आवाजात ध्वनिमुद्रितही झाल्या. तिथे गाणारीचे नाव, गाव आणि जात यांची नोंद ओवीसोबत ठेवली गेली, हा या प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा विशेष म्हटला पाहिजे. एरवी स्त्रीगीते ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली छापली जातात आणि गाणारी व्यक्ती पुसली जाते.

घरात गाणारी बाई आणि मंचावर गाणारा पुरुष ही विभागणी केवळ मराठी मुलखाची नाही. ऑस्ट्रेलियातील ‘बुश’ संगीत, म्हणजे तिथल्या वसाहतकाळातील मेंढपाळ, लोकर कातरणारे आणि भटके मजूर यांची गाणी, ही बाहेर पुरुषी कष्टांचे संगीत म्हणूनच ओळखली गेली. परंतु १९५० च्या दशकात संग्राहक जॉन मेरेडिथ यांना गीतांचा सर्वांत समृद्ध साठा सापडला तो न्यू साउथ वेल्समधील सॅली स्लोन या गृहिणीकडे, आणि तिने तो आपल्या आई-आजीकडून घेतलेला होता. आपल्याकडेही शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) यांच्या गाण्यामागे बार्शीच्या त्यांच्या आईचे, मुनेरबींचे, ओवीगायन होते. आईच्या मुखातले गाणे मुलाच्या डफावर चढले की ते सार्वजनिक कला ठरते, आणि तोवर ते घरगुती करमणूक मानले जाते, हा भेद दोन्हीकडे सारखाच आढळतो.

घराबाहेर, देवीच्या नावाने गाणाऱ्या स्त्रियांची परंपरा कोल्हापूर, गडहिंग्लज आणि निपाणी या पट्ट्यात जोगतिणींच्या रूपाने दिसते. सौंदत्तीच्या यल्लम्मा-रेणुकेला वाहिलेल्या या स्त्रिया डोक्यावर देवीचा जग, म्हणजे तिची मूर्ती बसवलेली टोपली, घेऊन, हाती परडी धरून जोगवा मागतात आणि देवीची कथागीते गातात. त्यांच्यासोबतचे मुख्य वाद्य म्हणजे चौंडके : एका बाजूने कातडे मढवलेले नळकांडे काखेत धरायचे, कातड्यातून ओवलेली तार एका हाताने ताणायची आणि दुसऱ्या हाताने छेडायची, ताण कमी-अधिक केला की सूर खाली-वर होतो, म्हणून एकच वाद्य ताल आणि सूर या दोन्हींचे काम करते. मार्गशीर्षातील पौर्णिमेला सौंदत्तीला कोल्हापुरातून भाविक मोठ्या संख्येने जातात, आणि ती यात्रा करून आल्यावर कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुका मंदिरात आंबील यात्रा भरते; या दिवसांत ही गाणी अजूनही ऐकायला मिळतात.

मात्र जोगतिणीच्या गाण्याविषयी केवळ हळहळ व्यक्त करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या प्रथेने हे गाणे वाहिले, तिने मुलींना देवाला सोडून त्यांचे आयुष्य शोषणाच्या स्वाधीन केले. राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्येच कोल्हापूर संस्थानात या प्रथेविरुद्ध कायदा केला होता, आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये देवदासी प्रथा निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा केला. प्रथा जावी आणि गाणे राहावे, हे कसे साधायचे याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला नाही, आणि तो त्यांचा विषयही नव्हता. संगीताच्या क्षेत्राने मात्र तो करायला हवा होता. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी हे जग मराठी साहित्यात आणले, त्यांच्यावर आधारलेल्या ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटातील गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले; परंतु ज्या बायकांच्या गळ्यातून ही धाटणी आली, त्या वाजवणाऱ्या-गाणाऱ्या म्हणून नावानिशी पुढे आल्या नाहीत. कलावंत म्हणून मान आणि मानधन मिळाले असते, तर प्रथेतून बाहेर पडणाऱ्या काहींना गाणे सोबत घेऊन बाहेर पडता आले असते.

तमाशाचा इतिहास या प्रश्नाची वेगळी बाजू दाखवतो. पूर्वी तमाशात स्त्रीची भूमिका नाच्या, म्हणजे स्त्रीवेशातला पुरुष, करीत असे. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे जन्मलेल्या पठ्ठे बापूरावांच्या (१८६६–१९४५) फडात पवळाबाई उभ्या राहिल्या आणि बाईचा तमाशा सुरू झाला. पुढे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) आणि कांताबाई सातारकर यांनी स्वतःचे फड चालवले, आणि विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही तोच वारसा पुढे नेला. फड चालवणे म्हणजे कलावंत जमवणे, गाड्या-तंबू सांभाळणे, कर्ज उचलणे, सुपारी ठरवणे आणि रात्री बोर्डावर उभेही राहणे. असे नेतृत्व त्या काळी दुसऱ्या कुठल्या मराठी कलेत स्त्रीने इतक्या मोठ्या प्रमाणावर केले असेल असे वाटत नाही. तरीही ढोलकी, हलगी आणि पेटी पुरुषांच्याच हाती राहिली. संगीतबारीत, म्हणजे जिथे गायिका-नर्तकींची पार्टी बैठकीसमोर लावणी सादर करते तिथे, पार्टी बाईच्या नावाने ओळखली जाते, पण साजिंदे पुरुषच असतात.

याला जातीचा पदर आहे आणि तो सोडून हा विषय समजत नाही. हलगी मातंग समाजाची, संबळ गोंधळ्यांचे, ढोल धनगरांचा अशी वाद्यांची वाटणी जन्माने झाली होती आणि प्रत्येक समाजात ते वाद्य बापाकडून मुलाकडे जात असे. बोर्डावर येणाऱ्या स्त्रिया बहुतेक कोल्हाटी, मांग, महार समाजांतून आल्या. त्यांच्या कलेची वाहवा झाली, पण समाजातली प्रतिष्ठा त्यांना उशिरा आणि अपुरी मिळाली. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांना पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षाच्या सुमारास. एका जागी बसून, डोळे, भुवया आणि बोटांच्या हालचालींनी एकाच ओळीचे निरनिराळे अर्थ उलगडणारी बैठकीची लावणी त्यांनी ज्या उंचीवर नेली होती, तिच्या मानाने हा सन्मान फार उशिरा आला.

कोल्हापूरच्या चित्रनगरीने लावणीला अफाट श्रोतृवर्ग दिला हे खरे. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पासून शांतारामबापूंच्या ‘पिंजरा’ (१९७२) पर्यंत तमाशापटांची लाट चालली, हळदीसारख्या खेड्यातून आलेल्या जगदीश खेबुडकरांनी लावण्या लिहिल्या आणि डोक्यावरचा पदर ढळू न देता माईकसमोर उभ्या राहणाऱ्या सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांनी त्या घराघरांत पोचवल्या. त्यांची फेक, शब्दावरचा ठसका आणि दमसास यांना तोड नव्हती. पण तीन मिनिटांच्या तबकडीत बसवलेली लावणी हेच पुढे लावणीचे मोजमाप ठरले. बैठकीत तासभर रंगणारी, श्रोत्यांच्या प्रतिसादावर वाढणारी लावणी मागे पडली, आणि आज स्पर्धांतून व वाहिन्यांवरून जे सादर होते ते बहुतांशी ध्वनिमुद्रित गाण्यावरचे नृत्य असते. गाणारी बाई तिथे उरलेलीच नाही, ही लावणीच्या सद्यःस्थितीतली सर्वांत गंभीर बाब आहे.

शाहिरीत मात्र हालचाल उलट दिशेने दिसते. शाहीर लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईक यांच्या कोल्हापुरात बाई असलीच तर झीलकरी म्हणून, म्हणजे मुख्य शाहिराच्या ओळीचा शेवट उचलणारी साथीदार म्हणून, मागे उभी असे. गेल्या काही दशकांत कोल्हापूर-सांगलीकडे स्वतः डफ घेऊन पोवाडा गाणाऱ्या शाहिरा पुढे आल्या आहेत आणि शिवजयंतीच्या कार्यक्रमांत त्यांना मानाने बोलावले जाते. आंबेडकरी जलशाच्या परंपरेत हा बदल अधिक ठामपणे झाला : पुण्याच्या शीतल साठे यांनी शाहिरीचा आशय आणि नेतृत्व दोन्ही आपल्या हाती घेतले, आणि मराठवाड्यातील कडुबाई खरात यांनी एकतारीवर गायलेली भीमगीते गावोगावी पोचली. या दोघींचे वेगळेपण असे की वाद्य त्यांच्या हातात आहे आणि काय गायचे हे त्याच ठरवतात. शिवजयंतीच्या मंचावरील शाहिरांच्या बाबतीत हे नेहमीच म्हणता येत नाही. तिथे अजून जुनेच पोवाडे जुन्याच वीरश्रीने, पुरुषी आवाजाची नक्कल करीत गायले जातात, आणि ताराराणींच्या करवीरात स्त्रीच्या दृष्टीने रचलेला पोवाडा विरळाच ऐकू येतो.

वाद्याची अडचण सर्वांत आधी सुटली ती गाजावाजा न होता, महिलांच्या भजनी मंडळांत. पेटी, पखवाज, टाळ या साऱ्या गोष्टी शहरातल्या पेठांतून आणि खेड्यांतून बायका स्वतः वाजवू लागल्या, नवरात्रात देवळांतून त्यांची भजने होऊ लागली, आणि भक्तीच्या आश्रयाने आलेल्या या बदलाला कोणी विरोध केला नाही. दुसरी जागा म्हणजे शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव. तिथल्या लोकवाद्यवृंदाच्या स्पर्धेत मुली हलगी, ढोलकी, संबळ घेऊन उतरतात तेव्हा जात आणि लिंग या दोन्हींच्या वाटण्या एकदमच मोडतात. दुर्दैवाने महाविद्यालय सुटले की वाद्यही सुटते, कारण पुढे वाजवणाऱ्या मुलीला घेणारा फड नसतो. झिम्मा-फुगडीच्या मोठ्या स्पर्धांबाबतही समाधान अर्धेच मानावे लागते : हजारो बायका त्यांत उत्साहाने उतरतात ही आनंदाची गोष्ट आहे, पण एकसारखी नऊवारी, आधी बसवलेला क्रम आणि वेळेची मर्यादा यांत आयत्या वेळी ओळ जोडण्याची, नाव घालून चिमटा काढण्याची जुनी मुभा जाते, आणि परीक्षक गुण देतात ते बहुधा दिसण्याला.

आकाशवाणीच्या सांगली केंद्राने १९६३ पासून या भागातील लोकसंगीत प्रसारित केले आहे, शिवाजी विद्यापीठात संगीताचा विभाग आहे, आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या काळापासून शास्त्रीय गाण्याची जपणूक करणारा देवल क्लब शहराच्या मध्यभागी आहे. या तिन्ही संस्थांनी एकत्र येऊन जिल्ह्यातील बारा तालुक्यांत ओवी, झिम्मा आणि जोगवा गाणाऱ्या वृद्ध स्त्रियांचे ध्वनिमुद्रण त्यांच्या नावानिशी, चाली आणि ठेक्यांच्या नोंदीसह आणि योग्य मानधन देऊन करावे, आणि चौंडके, संबळ व ढोलकी शिकवणारे वर्ग मुलींसाठी उघडावेत. ज्यांना ही गाणी पाठ आहेत त्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यामुळे हे काम येत्या काही वर्षांतच हाती घ्यावे लागेल.