ड्रॅगनचा पंचनामा

विज्ञानाच्या शिक्षकाने ड्रॅगनच्या कादंबऱ्या वाचाव्यात का? आणि वाचल्याच, तर वर्गात त्यांचे नाव काढावे का? हा प्रश्न निघाला की दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले असे की, मुलांच्या डोक्यात भुतेखेते आधीच भरलेली आहेत, त्यांत ही परदेशी भर कशाला? दुसरे असे की, कल्पनाशक्ती वाढते, वाचू द्या. ही उत्तरे पुस्तक न उघडताही देता येतात, आणि तोच त्यांचा दोष आहे. ड्रॅगनच्या सगळ्या कादंबऱ्या एका माळेच्या मणी नाहीत. काही वाचून मूल प्रश्न विचारू लागते, तर काही वाचून असलेले प्रश्नही विसरते. यांतली निवड कशी करावी, याबद्दल एका वाचक-शिक्षकाची मते येथे मांडत आहे.

मराठीला हा वाद नवा नाही. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) या आपल्या आरंभीच्या कादंबऱ्या अद्भुताने भरलेल्या होत्या. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली नावल व नाटक यांवर लिहिलेल्या निबंधात अशा लेखनावर टीका केली आणि वास्तवाला धरून लिहिण्याचा आग्रह धरला. तो आग्रह शब्दशः पाळायचा तर ड्रॅगन पहिल्याच पानावर बाद होईल. मला तेवढे कडक व्हावेसे वाटत नाही. लेखकाला एक अशक्य गोष्ट उसनी द्यायला माझी हरकत नाही. मात्र त्या एका गोष्टीतून पुढे जे जे निघेल, त्याचा हिशेब त्याने चोख ठेवला पाहिजे. ड्रॅगन आहे असे मानले, तर तो खातो काय, उडतो कसा, आणि त्याने केलेले नुकसान कोण सोसतो?

हत्तीएवढा प्राणी

हिशेब घोरपडीपासून सुरू करू. दीड मीटर लांब आणि पाच किलो वजनाची घोरपड घ्या. तिची लांबी, रुंदी, उंची दहापट करा, म्हणजे पंधरा मीटरचा ऐटदार ड्रॅगन तयार होईल. पण वजन दहापट होणार नाही. ते दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे हजारपट वाढेल : पाच हजार किलो. पायांच्या हाडांचा काटछेद मात्र शंभरपटच वाढेल. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पूर्वीच्या दहापट भार येईल. पंखांचेही तसेच. पंखाचे क्षेत्रफळ वर्गाने वाढते आणि उचलायचे वजन घनाने. गॅलिलिओने १६३८ साली मांडलेली ही गोष्ट आठवी-नववीच्या मुलाला चौकटीच्या वहीवर करून पाहता येते.

पाच टन म्हणजे हत्तीचे वजन. आणि हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. चंदगड आणि आजरा तालुक्यांत, तसेच घाटाखाली दोडामार्गात, हे पुस्तकातून शिकवण्याची गरज उरलेली नाही. २००२ नंतर कर्नाटकातून आलेले हत्ती या भागात वावरत आहेत. एका रात्रीत ऊस आडवा होतो, भात तुडवले जाते, केळी आणि माड मोडतात. सकाळी वनखात्याची माणसे येऊन पंचनामा करतात, आणि मग शेतकरी भरपाईची वाट पाहत बसतो. म्हणून इकडचा वाचक ड्रॅगनची कादंबरी हाती घेतो, तेव्हा एक साधी अपेक्षा ठेवू शकतो. एवढे मोठे जनावर गावावरून गेले, तर गावात काही तरी घडले पाहिजे. कितीतरी कादंबऱ्यांत ड्रॅगन येतो, नायकाला पाठीवर घेतो, निघून जातो. आणि एकाही शेताचा पंचनामा होत नाही. अशी पुस्तके मी निम्म्यावर मिटवतो.

टोल्किनची ‘द हॉबिट’ (१९३७) या परीक्षेत चांगली उतरते. तिच्यातला स्मॉग हा ड्रॅगन डोंगराच्या पोटात सोन्यावर निजलेला असतो आणि वर्षानुवर्षे निजून राहतो. त्याच्या आसपासचा मुलूख जळून ओसाड पडला आहे. सरपटणाऱ्या प्राण्याला हे निजणे शोभते. शरीर गरम ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावे लागत नाही, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने सुमारे दहावा हिस्सा अन्नावर त्याचे भागते. इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन, म्हणजे आपल्या घोरपडीचाच मोठा भाऊबंद, एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत मांस खाऊ शकतो आणि मग बरेच दिवस उपाशी राहू शकतो. टोल्किन भाषांचे प्राध्यापक होते. त्यांनी हे गणित मांडून लिहिले असे मी म्हणत नाही. पण ते जुळते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्मॉग मेल्यावर कथा संपत नाही. त्याने जाळलेल्या तळ्याकाठच्या गावासाठी बार्ड हा धनुर्धर खजिन्यातला वाटा मागतो आणि त्यावरून युद्धाची वेळ येते. ड्रॅगन मेला तरी भरपाईचा प्रश्न जिवंत राहतो, हे टोल्किनला कळले होते.

मराठीत आलेल्या हॅरी पॉटरच्या पहिल्याच भागात (मूळ इंग्रजी १९९७) नॉर्बर्ट नावाचे ड्रॅगनचे पिल्लू आहे. हॅग्रिड हौसेने अंडे उबवतो आणि पिल्लाला कोंबडीचे रक्त कालवलेली ब्रँडी बादलीने पाजतो. थोड्याच दिवसांत ते झोपडीत मावेनासे होते, चावते, आणि शेवटी त्याला दूर पाठवावे लागते. विनोदी प्रकरण आहे, पण रानातले पिल्लू घरी आणून पाळण्याच्या हौसेवर याहून चांगला धडा मला माहीत नाही. याउलट ख्रिस्तोफर पाओलिनीची ‘एरॅगॉन’ (२००३). लेखकाने ती कोवळ्या वयात लिहिली, त्याचे कौतुक आहेच. तिच्यात जादूसाठी एक फार सुंदर नियम आहे : एखादे काम हातांनी करायला जेवढी शक्ती लागेल, तेवढीच ते जादूने करतानाही खर्ची पडते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम जादूगारालाही लागू! पण त्याच पुस्तकातली सफिरा ही ड्रॅगन मादी काही महिन्यांत माणूस वाहून नेण्याएवढी वाढते, तेव्हा हा नियम कोणालाच आठवत नाही. ती शिकार करते असे आपण वाचतो. पण एवढे शरीर उभे राहायला किती हरणे लागली असतील आणि त्या रानाचे काय झाले असेल, हे कोणी विचारत नाही. नियम माणसाला लावायचा आणि ड्रॅगनला सोडून द्यायचा, हा पक्षपात आहे.

चुलीतला ड्रॅगन

आकारावरचा सर्वांत गाजलेला लेख जे. बी. एस. हाल्डेन यांचा. प्रत्येक प्राण्याला त्याच्या रचनेनुसार योग्य असा एक आकार असतो, हे त्यांनी १९२६ साली मांडले. १९५७ साली ते भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. याच हाल्डेन यांनी मुलांसाठी ‘माय फ्रेंड मिस्टर लीकी’ हे अद्भुत गोष्टींचे पुस्तक लिहिले, आणि तेही ‘हॉबिट’च्याच वर्षी, १९३७ साली. त्यातल्या जादूगाराकडे पॉम्पी नावाचा ड्रॅगन आहे. तो किती मोठा? चुलीत मावेल एवढा! तो विस्तवात राहतो आणि स्वयंपाकाला मदत करतो. भव्य ड्रॅगनांच्या गर्दीत हा छोटासा प्राणी मला सर्वांत पटतो. विज्ञान जाणणाऱ्या माणसाला अद्भुताचे वावडे नसते आणि अद्भुत लिहिताना त्याला विज्ञान विसरावे लागत नाही, हे सांगायला एवढे एक उदाहरण पुरे.

टेरी प्रॅचेट यांनी ‘गार्ड्स! गार्ड्स!’ (१९८९) मध्ये तर दोन्ही प्रकार एकाच पुस्तकात आणले आहेत. दलदलीतले छोटे ड्रॅगन पोटातल्या रसायनांवर जगतात. त्यामुळे ते सदा अपचनाने आजारी, आणि बिघडले की स्फोट होऊन मरतात. मोठा, आकाश झाकणारा ड्रॅगन मात्र जादूखेरीज तगूच शकत नाही. लहानाला रसायनशास्त्र पुरते, मोठ्याला जादू लागते. वर्ग आणि घन यांचा धडा याहून मजेत कोणी सांगितला असेल असे वाटत नाही. निसर्गाने स्वतः कुठवर मजल मारली, हेही मुलांना सांगावे. क्वेट्झालकोअॅटलस हा नामशेष झालेला उडता सरीसृप पंख पसरून सुमारे दहा मीटर भरे. त्याचे वजन दोनशे ते अडीचशे किलो असावे असा अंदाज आहे. आपला पाच टनांचा ड्रॅगन याच्या वीसपट!

आग ओकण्याचे काय? अॅन मॅकॅफ्री यांच्या ‘ड्रॅगनफ्लाइट’ (१९६८) मधले ड्रॅगन एक खनिज चावून खातात, त्यापासून फॉस्फिन वायू तयार होतो आणि तो हवेत पेटतो. अशुद्ध फॉस्फिन हवेत आपोआप पेट घेतो, हे रसायनाच्या शिक्षकाला ठाऊक आहे. पोटात असा विषारी वायू बाळगणे कसे झेपते, हा प्रश्न उरतोच. पण निदान विचारता येईल असा प्रश्न लेखिकेने दिला. प्रत्यक्षात बॉम्बार्डियर भुंगेरा पोटाच्या टोकाला असलेल्या कप्प्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रोक्विनोन यांची विकरांच्या साहाय्याने क्रिया घडवतो आणि जवळजवळ उकळत्या पाण्याएवढा गरम फवारा शत्रूवर मारतो. भुंगेऱ्याला जमते ते ड्रॅगनला का जमू नये, असे एखाद्या मुलाने विचारले तर तो तास सार्थकी लागला असे समजावे.

आणखी एक कोडे मुलांना घालता येईल. चार पाय आणि दोन पंख, असे सहा अवयव असलेला एकही पृष्ठवंशी प्राणी नाही. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा पुढचा पायच. मग ड्रॅगनचे पंख आले कोठून? गोव्यापासून केरळपर्यंत सह्याद्रीच्या रानांत राहणाऱ्या उडत्या सरड्याने यावर तोड काढली आहे. त्याला चारही पाय आहेत आणि ‘पंख’ म्हणजे बाहेर लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेली कातडी. तिच्यावर तो झाडावरून झाडावर तरंगत जातो. त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नावच ‘ड्रॅको’, म्हणजे ड्रॅगन!

सगळ्याच चांगल्या कादंबऱ्यांना रसायनशास्त्र लागते असे मात्र नाही. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) मध्ये ड्रॅगनच्या पोटात काय आहे याची चौकशी नाही. तेथील ड्रॅगन जगाच्या आद्य भाषेत बोलतात. तरुण जादूगार गेड ड्रॅगनचे खरे नाव ओळखतो आणि त्या बळावर त्याला थोपवतो. पण हिशेब येथेही आहे. एका ठिकाणी जादूने पाऊस पाडला तर दुसऱ्या ठिकाणी दुष्काळ पडू शकतो, हे तेथील गुरू शिष्याला बजावतात. फुकट काहीच मिळत नाही. ही सगळ्यांत गंभीर ड्रॅगन-कथा, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगली.

आपला ड्रॅगन

आपल्याकडे ड्रॅगन नाही असे म्हणतात. पण सिंहगडाच्या कथेतली यशवंती घोरपड कोण? ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी घोरपडीला दोर बांधून कडा सर केला, ही कथा पोवाड्यातून घरोघर पोचली. चंदगडकरांना ती अधिक जवळची, कारण तालुक्यातल्या पारगडाशी तानाजींचे पुत्र रायबा यांचे नाव जोडलेले आहे आणि मालुसऱ्यांचे वंशज त्या गडाशी नाते राखून आहेत. आता हिशेब करा. दोरावर माणूस चढतो, तेव्हा त्याचे सगळे वजन दोराच्या वरच्या टोकावर येते. पाच-सात किलोच्या प्राण्याने साठ किलोचा माणूस तोलून धरायचा! शिवकालाला सर्वांत जवळच्या सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तेथे निवडक मावळे स्वतः कडा चढून जातात. मला तर यात तानाजींचा आणि मावळ्यांचा पराक्रम वाढलेलाच दिसतो. पोवाड्यातल्या यशवंतीवर माझा राग नाही. ती काव्यातली आहे, तेथे शोभते. इतिहास आणि जीवशास्त्र यांच्या तासाला तिने येऊ नये, एवढेच.

कारण अद्भुत काव्यातून निघून बाजारात आले की जीव जातात. ‘हत्था जोडी’ या नावाने एक वाळकी वस्तू दुर्मीळ वनस्पतीचे मूळ म्हणून विकली जाते. ती घरात ठेवली की लक्ष्मी येते, असे सांगतात. प्रत्यक्षात ते नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. हा व्यापार २०१७ साली उजेडात आला. घोरपडीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तरी मांसासाठी, कातड्यासाठी, तेलासाठी आणि आता या ‘मुळा’साठी ती मारली जाते. कादंबरी पहिल्या पानापासून कबूल करते की मी खोटी आहे. हत्था जोडी विकणारा तसे कबूल करत नाही. विज्ञान-शिक्षकाचे भांडण या दुसऱ्याशी आहे, कादंबरीकाराशी नाही.

मेरी ब्रेनन यांच्या ‘अ नॅचरल हिस्ट्री ऑफ ड्रॅगन्स’ (२०१३) या कादंबरीची शिफारस मी याच कारणासाठी करतो. तिची नायिका ड्रॅगन मारायला निघत नाही, त्यांचा अभ्यास करायला निघते. मोजते, चित्रे काढते, चुकते, पुन्हा मोजते. या कथामालेतल्या ड्रॅगनांची हाडे हलकी आणि मजबूत असतात, पण मेल्यावर लगेच विरून जातात. ती टिकवण्याची रीत सापडते आणि लगेच प्रश्न उभा राहतो : ही रीत जगाला कळली, तर हाडांसाठी किती ड्रॅगन मारले जातील? ज्ञान मिळवणाऱ्यावर त्या ज्ञानाची जबाबदारी किती, हा प्रश्न बारा-तेरा वर्षांच्या मुलालाही कळतो.

ही पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत, हे खरे. पण शिक्षकाने एक वाचून त्याची गोष्ट सांगायला भाषेची अडचण नाही. गोष्ट संपल्यावर मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला पंचनाम्याचा एक कोरा कागद द्यावा. जनावराचे अंदाजे वजन, रोजचा आहार, येण्याची वाट, झालेले नुकसान, नुकसान कोणाचे, भरपाई कोण देणार, आणि शेवटचा रकाना : जनावराला तेथून न मारता कसे परतवता येईल? ज्या कादंबरीच्या आधारे हा कागद भरता येतो, ती शाळेच्या कपाटात खुशाल ठेवावी.