न्यायालयाबाहेरचा कायदा: मराठी कथात्म साहित्यातील एक दुर्लक्षित सूत्र

कायदा आणि साहित्य यांच्या संबंधाचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने दोन अंगांनी केला आहे: लेखकावर आलेली बंदी आणि साहित्यकृतीत रंगवलेला खटला. ही दोन्ही अंगे महत्त्वाची असली तरी त्यांमुळे एक मोठा भाग दृष्टीआड राहिला. दंडविधानापेक्षा जमीन, वतन, कुळवहिवाट आणि सहकार यांविषयीच्या कायद्यांनी महाराष्ट्रातील माणसांचे परस्परसंबंध अधिक खोलवर बदलले, आणि मराठी कादंबरीने त्या बदलाची दखल समीक्षेच्या मानाने बरीच आधी, पण अर्धवट घेतली.

एकोणिसाव्या शतकातील सामाजिक कादंबरी कायद्याच्या अपुरेपणातून उभी राहिली, असे म्हणण्यास जागा आहे. 1856 च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली, परंतु पुनर्विवाह केल्यास मृत पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क त्याच कायद्याने संपुष्टात आणला. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ पुढच्याच वर्षी, 1857 मध्ये प्रसिद्ध झाले. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’मधून क्रमशः येत असतानाच 1891 चा संमतिवयाचा कायदा झाला आणि विवाहित मुलींच्या बाबतीतही शरीरसंबंधासाठीची किमान वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. त्या वेळी वृत्तपत्रे आणि सभा या एका कलमावरून पेटल्या होत्या. आपट्यांची नायिका यमू मात्र त्या वादात कोठेच सापडत नाही, कारण तिची शोकांतिका घरातील वडीलधाऱ्यांच्या अनिर्बंध सत्तेतून घडते आणि त्या सत्तेला हात लावण्याचे धाडस कोणत्याच विधेयकाने केलेले नव्हते. सुधारकांनी कायद्याकडून जी अपेक्षा ठेवली तिची मर्यादा कादंबरीकाराला अधिक नेमकेपणाने दिसली, हा या कादंबरीचा आजही पुरेसा न ओळखला गेलेला विशेष होय.

बंदीचा इतिहास सर्वपरिचित आहे. 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर 1910 मध्ये बंदी आली, पण पौराणिक कथेआडून राजकीय आशय मांडण्याची जी रीत अशा निर्बंधांच्या छायेत रुळली ती पुढे रंगभूमीच्या अंगवळणीच पडली. स्वातंत्र्यानंतर वाद राजद्रोहाकडून अश्लीलतेकडे वळला. चंद्रकांत काकोडकर यांच्या, 1962 च्या एका दिवाळी अंकातील लघुकादंबरीवरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 मध्ये ती अश्लील नसल्याचा निर्णय झाला. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ या नाटकाचा मार्गही मुंबई उच्च न्यायालयाने मोकळा केला. या निकालांनी लेखनाचे क्षेत्र वाढवले हे खरे, परंतु त्यांवर लिहिलेल्या मजकुराच्या मानाने त्यांनी कथनाची रीत फारशी बदलली नाही.

याला ठळक अपवाद तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा. हे नाटक 1967 मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा स्त्रीचा जीव वाचवण्याचे कारण वगळता गर्भपात हा गुन्हा होता. त्याला मर्यादित परवानगी देणारा कायदा 1971 चा. नाटकातील लुटुपुटूच्या न्यायालयात नायिका बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो, आणि शेवटी तेच न्यायालय तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याचा निकाल देते. ज्या कृत्याबद्दल खटला भरला तेच कृत्य शिक्षा म्हणून फर्मावणारे हे न्यायपीठ समाजाच्या ढोंगाचे प्रतीक म्हणून वाखाणले गेले. वास्तविक तेंडुलकरांची पकड त्याहून सूक्ष्म आहे: साक्ष, उलटतपासणी, शपथ हे विधी न्यायाच्या हेतूपासून सुटे केले तरी त्यांची जरब कायम राहते, हे त्यांनी दाखवले.

जमिनीच्या कायद्यांकडे वळले की चित्र बदलते. कोकणातील खोत हा गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा मध्यस्थ; ही पद्धत रद्द करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले, आणि ती कायद्याने गेली ती 1949 नंतर. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये (1987) घराण्याचा माज आणि ऱ्हास पिढ्यान्‌पिढ्या उलगडतो. त्या माजाला आधार देणारी महसुली चौकट वाचकाच्या लक्षात राहते ती स्वभावचित्रांमागची पार्श्वभूमी म्हणून. कुळांच्या बाजूने तीच कथा कशी दिसली असती, हा प्रश्न कादंबरी पुरतेपणी विचारत नाही. 1948 चा कुळकायदा आणि 1 एप्रिल 1957 हा कसणाऱ्याला मालक मानणारा ‘कृषकदिन’ यांनी तर असंख्य घरांचे भवितव्य फिरवले. जमीनमालक विधवा किंवा अज्ञान असेल तर कुळाचा हक्क लांबणीवर टाकणारी तरतूद त्यात होती, आणि स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागण्याची सवलतही होती. कुळाचे नाव सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीचा कब्जा व पीक नोंदवणाऱ्या गावनमुन्यावर, चढले की नाही याचा निवाडा न्यायाधीशाच्या आधी तलाठ्याच्या लेखणीने होत असे. नात्यांची, फसवणुकीची, उपकारांची एवढी सामग्री हाताशी असताना ग्रामीण कथेने दुष्काळ आणि दारिद्र्य यांच्याकडे जितके पाहिले तितके फेरफाराच्या नोंदीकडे पाहिले नाही.

ही उणीव भरून निघाली ती दुसऱ्याच दिशेने. काही जातीजमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा 1871 चा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला आणि 1952 मध्ये देशभरातून रद्द झाला. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’मध्ये (1959) सरकारी हजेरीची सक्ती बंडामागील जिवंत कारण पुरवते, तर लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (1987) हे आत्मकथन कायदा गेल्यावरही पोलिसी नजर तीच राहिल्याचे दाखवते. या लेखकांना कायदा अभ्यासावा लागला नाही. तो त्यांच्या दारात उभा होता.

राजकीय कादंबरीची स्थिती अधिक विचार करायला लावणारी आहे. महाराष्ट्राचे सत्ताकारण 1960 च्या सहकारी संस्था कायद्याने घडवले. कारखान्याच्या संचालक मंडळावर प्रशासक नेमण्याचा अधिकार सरकारच्या हाती असल्याने तालुक्यातील बंडखोराला वठणीवर आणणे शक्य होत असे. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ने आमदारांच्या बेरजा-वजाबाक्यांचे जे नाट्य टिपले ते 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याच्या आधीचे. त्या कायद्यानंतर पक्ष सोडण्यापेक्षा मूळ पक्ष आपलाच असल्याचा दावा करणे सोयीचे ठरू लागले, विधानसभाध्यक्षाची खुर्ची निर्णायक झाली, आणि 2022 ते 2024 या काळात मुंबईने हा खेळ प्रतोदाची नेमणूक, अपात्रतेच्या याचिका आणि निवडणूक चिन्ह या पारिभाषिक तपशिलांतून पाहिला. साधूंच्या मंत्र्यांना कानाशी लागणारे दूत पुरत होते. आजच्या पुढाऱ्याच्या शेजारी वकील बसलेला असतो. त्या वकिलाला मध्यवर्ती पात्र करून, प्रक्रियेच्या रुक्ष भाषेतूनच सत्तेची वासना उघडी करणाऱ्या लेखनाची मराठीत वानवा आहे, आणि तिचे कारण सामग्रीचा अभाव हे नव्हे. विधिमंडळाचे नियम आणि शासननिर्णय वाचण्याची सवय आमच्या कथालेखकांनी पत्रकारांवर सोपवली, हे आहे.