हरद्वारचा कुंभमेळा व इ. स. १८६७ ची पटकी

डॉ. जॉन मरे यांचा हरद्वारच्या पटकीवरील वृत्तांत आम्हीं नुकताच पुनः तपासला. इ. स. १८६७ च्या एप्रिलांत सुमारें ३० लक्ष यात्रेकरू तेथें जमले होते. ता. ११ च्या रात्रीं मुसळधार पाऊस होऊन तळावरील घाण गंगेंत वाहून गेली, ता. १२ स पर्वस्नान झालें व तेंच पाणी लोकांनीं प्राशन केलें. वृत्तांताचें मर्म येथेंच आहे असें पुष्कळ समजतात. आमचे मतें तें पुढें आहे. मेळ्यांत रोगी थोडेच आढळले. परंतु यात्रेकरू ज्या ज्या वाटेनें परतले, त्या त्या वाटेवर, विशेषतः पंजाबांत, मागोमाग पटकी उद्भवली. कॉख यांनीं कलकत्त्यास जंतु दाखविला तो १८८४ त. त्याच्या १७ वर्षें आधीं नुसत्या तारखांनीं एवढें उलगडावें, हें लहान काम नव्हे. सरकारी आरोग्याधिकारी कनिंगहॅम यांनीं १८६८ त हाच क्रम मान्य केला, आणि पुढें संसर्गच नाकारला! तारखा त्याच होत्या. मत तेवढें फिरलें. हरद्वारच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांतील त्या वर्षींच्या नोंदी ज्यांस पाहावयास मिळतील, त्यांनीं त्या या क्रमाशीं अवश्य ताडून पाहाव्या.