अडकलेल्या पुंगळीचे व्याकरण : विल आयस्नर यांच्या रायफल-पुस्तिकेची (१९६८) समीक्षा

बीजसंज्ञा : माहितीपुस्तिका, चित्रकथा, एम-१६ रायफल, आज्ञार्थ, दोषनिवारण

प्रस्तावना :

मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत आपला परीघ बराच विस्तारला आहे. बखर, पत्रव्यवहार, लोकगीत, जाहिरात या सर्वांना आता 'संहिता' म्हणून वाचले जाते. यंत्रासोबत येणारी माहितीपुस्तिका मात्र या परिघाबाहेरच राहिली. विहिरीवरील मोटारीपासून शिलाईयंत्रापर्यंत प्रत्येक वस्तूबरोबर आपल्या घरात येणारा हा सर्वाधिक प्रसृत गद्यप्रकार आहे आणि तो कोणी वाचनीय मानत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका पुस्तिकेचा विचार करावयाचा आहे. ती अमेरिकी सैन्याने १९६८ साली व्हिएतनाममधील सैनिकांसाठी काढलेली, एम-१६ ए-१ रायफलीच्या वापराची व निगेची ३२ पानी रंगीत चित्रपुस्तिका होय. तिची चित्रे विल आयस्नर यांची आहेत.

आयस्नर (१९१७–२००५) हे 'द स्पिरिट' या चित्रकथामालेचे जनक आणि पुढे १९७८ च्या 'अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड'मुळे चित्रकादंबरीच्या इतिहासात अपरिहार्य ठरलेले नाव. परंतु १९५१ पासून सुमारे दोन दशके त्यांचे मुख्य काम सैन्याच्या 'पी.एस.' या देखभालविषयक मासिकाचे होते. त्यांच्यावरील लेखनात हा कालखंड बहुधा दोन-चार वाक्यांत आटोपला जातो. वाङ्मयीन प्रतिष्ठेच्या दृष्टीने तो पोटापाण्याचा उद्योग मानला गेला असावा. हे वर्गीकरण प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

पुस्तिकेमागील घटना :

संहिता समजण्यासाठी आधी यंत्र समजून घेणे आवश्यक आहे. गोळी झाडली की बॅरलमधील वायूचा काही भाग एका बारीक नळीतून मागे येतो व बोल्टला मागे ढकलतो. बोल्टच्या तोंडाशी एक्स्ट्रॅक्टर नावाची लहानशी नखी असते. ती रिकाम्या पुंगळीची कड पकडून तिला चेंबरमधून ओढून काढते, पुंगळी बाहेर फेकली जाते आणि परतणारा बोल्ट मॅगझिनमधील पुढचे काडतूस ढकलत चेंबरमध्ये नेतो. या साखळीत दोन जागा नाजूक आहेत. पहिली भरण्याची. मॅगझिनचे ओठ वाकले, स्प्रिंग दमली, आत माती गेली किंवा वीसच्या मॅगझिनमध्ये वीसही काडतुसे कोंबली, तर काडतूस तिरके चढते वा चढतच नाही. दुसरी जागा पुंगळी काढण्याची, आणि ती अधिक घातक आहे. पुंगळी चेंबरला चिकटून बसली तर नखी कडेवरून निसटते किंवा कडच फाडून काढते. पुंगळी आतच राहते आणि मागून येणारे नवे काडतूस तिच्यावर आदळते. मॅगझिन बदलून किंवा हँडल ओढून ही अडचण सुटत नाही. नळीच्या तोंडातून साफसफाईची सळई घालून पुंगळी मागे ठोकावी लागते. लढाई सुरू असताना.

महाविद्यालयीन काळात एन.सी.सी.त शिकलेल्या वाचकांस या प्रकारासाठीचा हिंदी शब्द आठवेल : 'रोकें', आणि त्यावरील 'फौरी इलाज'. प्रस्तुत लेखकाची यंत्राशी ओळख .२२ रायफल, पुल-थ्रू आणि चिंदी एवढ्यापुरतीच आहे. परंतु पुंगळी निघाली नाही की उस्ताद सर्वप्रथम 'सफाई कोणी केली होती?' असे विचारीत, हे चांगले स्मरते. हा प्रश्न लेखाच्या विषयाशी निगडित आहे.

व्हिएतनाममध्ये १९६६–६७ या काळात ही रायफल मोठ्या प्रमाणावर अडकू लागली. यूजीन स्टोनर यांनी ज्या दारूवर रायफल रचली होती, ती १९६४ मध्ये बदलून गोलाकार कणांची दारू काडतुसांत भरण्यात आली. तिच्यामुळे गोळीबाराचा वेग वाढला. बोल्ट लवकर उघडू लागला, म्हणजे पुंगळी चेंबरच्या भिंतीला अद्याप घट्ट असतानाच नखीने तिला ओढायचे. शिवाय या दारूची काजळी अधिक होती. चेंबरला क्रोमचा मुलामा नसल्याने दमट हवेत तो गंजून खरवडलेला होई. रायफलीला साफसफाई फारशी लागत नाही असा समज पसरला होता आणि साफसफाईचे साहित्य पुरेसे पोहोचलेच नव्हते. १९६७ च्या वसंतात खे सान्हच्या टेकड्यांवरील लढाईनंतर एका मरीन सैनिकाने घरी लिहिलेले पत्र अमेरिकी काँग्रेसमध्ये वाचले गेले. मृतांपैकी अनेकांच्या शेजारी त्यांची रायफल उघडलेल्या स्थितीत आढळल्याचे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी प्रतिनिधी रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने चौकशी केली आणि ऑक्टोबरच्या अहवालात दारूबदलावर व सैन्याच्या शस्त्रव्यवस्थापनावर अत्यंत कठोर ठपका ठेवला. रायफली स्वीकारण्याच्या चाचण्यांत कारखान्याला जुनी दारू वापरू दिली जात होती आणि रणांगणावर नवी पाठवली जात होती, हेही उघड झाले. १९६७ पासून सुधारित बफर व क्रोमचे चेंबर येऊ लागले.

पुस्तिका यानंतरची आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. चौकशी झाली होती, दुरुस्त्या सुरू होत्या, परंतु जुन्या रायफली सैनिकांच्या हातांत होत्याच.

संहितेचे वाचन :

पुस्तिकेचे पहिले वैशिष्ट्य तिचा संबोधक आहे. एक तरुण, आकर्षक स्त्री सैनिकाशी बोलते, रायफल उलगडून दाखवते, चुका सांगते. सुटे भाग करण्याच्या प्रकरणाचे शीर्षक वस्त्रे उतरवण्यावरील श्लेष आहे, आणि रायफलीला सोळा वर्षांच्या मुलीची उपमा आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या, कंटाळलेल्या, घाबरलेल्या मुलांनी पुस्तिका उघडावी, एवढाच हेतू होता आणि तो साधला असणार. स्त्रीदेहाचा हा वापर आज खटकतो. तो तेव्हाही खटकायला हवा होता. तथापि केवळ एवढे म्हणून थांबणे ही समीक्षेची सोय झाली. प्रश्न असा की, या रूपकाने दोषाचे काय केले?

आपल्याकडेही शस्त्राला स्त्रीरूप आहे. भवानी तलवार परंपरेत देवीची आहे, आणि खंडेनवमीला शस्त्राची पूजा होते ती उपकाराच्या भावनेने. तलवार चालली नाही तर भक्ताचे काही चुकले असे कोणी म्हणत नाही, कारण तेथे यंत्र नाही. आयस्नर यांच्या पुस्तिकेत शस्त्र प्रेयसी आहे. प्रेयसी रुसली तर दुर्लक्ष कोणाचे, हे सांगावे लागत नाही. रूपक निवडले त्या क्षणी आरोपी ठरला. यंत्रातील बिघाड नातेसंबंधातील बेपर्वाई झाला. नखीने कड फाडली हे धातू, दाब आणि वेळ यांचे प्रकरण होते, ते आता मर्जीचे प्रकरण झाले.

येथे भाषेचे वळण पाहण्यासारखे आहे. मराठीत 'पुंगळी अडकली' असे म्हणता येते. वाक्य पूर्ण आहे, कर्ता पुंगळी आहे, कोणावर आरोप नाही. 'अडकवली' म्हटले की लगेच कोणी अडकवली हा प्रश्न उभा राहतो. दोषनिवारणाची संहिता या दोहोंच्या मधली तिसरी वाट काढते, ती म्हणजे आज्ञार्थ. चेंबर ब्रशने घासा. मॅगझिन उघडून पुसा. काडतुसांना तेल लावू नका. आज्ञार्थात कर्ता नेहमी द्वितीय पुरुषी असतो. त्यामुळे आज्ञार्थी वाक्यांच्या ३२ पानांत जबाबदार ठरू शकेल असा एकच पुरुष उरतो. दारू बदलणारे कार्यालय तृतीय पुरुषी आहे आणि या व्याकरणात त्याला जागाच नाही. आयस्नर यांनी काही दडवले असे येथे सुचवायचे नाही. सैनिकाच्या खिशातील पुस्तिकेत कोणी खरेदीचा इतिहास लिहीत नसते. तो प्रकारच तसा आहे, आणि म्हणूनच त्याची समीक्षा हवी.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. चित्रकार म्हणून आयस्नर येथे आपल्या सर्वोत्तम कामगिरीच्या जवळ आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सैन्याच्या रूढ पुस्तिकांतील आकृती यंत्र टेबलावर ठेवून काढलेल्या असतात. आयस्नर यांच्या चित्रांत यंत्र वापरणाऱ्याच्या नजरेसमोर आहे. बोटे कोठे असतील, डोळा काय पाहील, घाण नेमकी कोणत्या कोपऱ्यात साचेल, हे वाचकाला त्याच क्रमाने दिसते. नखीखालची माती काढावयास सांगणारे वाक्य सैनिक विसरेल, चित्र विसरणार नाही. रायफल अडकल्यावर करावयाच्या कृती, म्हणजे मॅगझिनला खालून थाप, हँडल मागे ओढणे, आत पाहणे, सोडणे, पुन्हा नेम धरणे, यांना चित्रमालिकेत शरीराची लय येते. पुढे १९८५ च्या 'कॉमिक्स अँड सिक्वेन्शिअल आर्ट'मध्ये त्यांनी चित्रक्रमाचे जे विवेचन केले, त्याची पूर्वतयारी कथांपेक्षा या देखभालीच्या पानांत अधिक झाली असावी.

मग ही पुस्तिका चांगली की वाईट? तिच्यातील प्रत्येक सूचना बरोबर होती. चेंबर स्वच्छ ठेवल्याने पुंगळी सुटण्याची शक्यता खरोखरच वाढते. अडचण अशी की, खरी सूचना आणि खरे कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीची अचूकता दुसरीच्या अभावाला झाकते. जेम्स फॅलोज यांनी १९८१ च्या 'अटलांटिक' मासिकातील लेखात या रायफलीची कहाणी नोकरशाहीची भयकथा म्हणून मांडली. सी. जे. चिव्हर्स यांनी २०१० च्या 'द गन'मध्ये तिची सांगड ए.के.-४७ च्या इतिहासाशी घातली. दोघांनी कागदपत्रे तपासली व तृतीय पुरुषाला पुन्हा वाक्यात आणले. या पुस्तिकेचे वाचन त्या लेखनाशेजारी ठेवूनच व्हावयास हवे. एकटी वाचली तर ती मोहक आहे, आणि त्यातच तिचा धोका आहे.

आयस्नर स्वतः १९६७ मध्ये व्हिएतनामला जाऊन आले होते. त्या अनुभवावर त्यांनी २००० साली 'लास्ट डे इन व्हिएतनाम' प्रसिद्ध केले. त्यातील शीर्षककथेची रचना पुस्तिकेशी ताडून पाहावी अशी आहे. येथेही एक व्यक्ती थेट वाचकाकडे पाहून बोलते आणि वाचकाला उत्तर देण्याची सोय नाही. बोलणारा एक मेजर आहे. युद्धभूमीवरचा त्याचा तो शेवटचा दिवस आहे, आणि तो पाहुण्याला तळ दाखवत फिरवतो आहे. माहिती, आत्मविश्वास, सूचना, सारे पुस्तिकेतील त्या स्त्रीसारखेच. तळावर तोफगोळे पडू लागतात आणि मेजरचा धीर सुटतो. माहिती देणारा स्वर तुटतो, तो स्वतःच्या जिवाबद्दल बोलू लागतो. आयस्नर यांनी बत्तीस वर्षांपूर्वी जे संबोधन सैनिकाकडे रोखले होते, तेच त्यांनी येथे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर वळवले आहे.