'कानून-इ-इस्लाम' : एक ग्रंथ, दोन पाठ

दक्षिणेंतील मुसलमानांच्या आचारांविषयीं पाश्चात्त्य मानववंशशास्त्रज्ञ लिहूं लागले म्हणजे 'कानून-इ-इस्लाम' या ग्रंथाचा आधार बहुधा घेतात. ग्रंथ त्या योग्यतेचा आहे यांत संशय नाहीं. परंतु आधार कोणत्या आवृत्तीचा, हें पाहण्याची तसदी थोडेच घेतात, आणि सारी अडचण तेथेंच आहे.

मद्रास सरकारच्या नोकरींतील शस्त्रवैद्य डॉ. हर्क्लॉट्स यांच्या सूचनेवरून जाफर शरीफ या दक्षिणी गृहस्थानें हा ग्रंथ रचला, व हर्क्लॉट्स यांचें इंग्रजी भाषांतर १८३२ सालीं लंडन येथें छापलें गेलें. पुढें १९२१ सालीं विल्यम क्रूक यांनीं ऑक्सफर्डतर्फे नवी आवृत्ति काढली. क्रूक यांची नोकरी उत्तरेकडे वायव्य प्रांतांत झालेली. आपण ग्रंथ सुधारला, त्याची मांडणी बदलली व त्यांत भर घातली, असें त्यांनीं मुखपृष्ठावरच सांगितलें आहे. तेव्हां लपवाछपवीचा दोष त्यांजकडे येत नाहीं. पण एखाद्या स्मृतिग्रंथाच्या संपादकानें अध्यायांचा क्रम फिरवून मध्यें परप्रांतींचीं वचनें घातलीं, तर आपण त्यास प्रक्षेप म्हणतों. येथेंही दुसरा शब्द नाहीं.

नांवापासूनच पाहावें. १८३२ च्या ग्रंथाचें उपनाम 'हिंदुस्थानांतील मुसलमानांच्या चालीरीति' असें आहे. क्रूक यांच्या आवृत्तीवर ठळक अक्षरांत 'हिंदुस्थानांतील इस्लाम' असें आहे. चालीरीति मागें सरल्या व धर्म पुढें आला.

याहून महत्त्वाचा फेरफार आंत आहे. सय्यद, शेख, मोगल व पठाण हे चार भेद जाफर शरीफही सांगतो. परंतु ते नामकरणाच्या ओघांत, कोणाच्या नांवास कोणतें उपपद लागतें एवढें समजावें म्हणून. क्रूक यांनीं ग्रंथाच्या आरंभींच वंशवर्णनाचें स्वतंत्र प्रकरण घालून त्यांत हे भेद बसविले. नांवाचें उपपद होतें, तें समाजाच्या रचनेचें सूत्र झालें! क्रूक वाचलेल्या अभ्यासकास दक्षिणेंतील मुसलमान आधीं या चार खणांत दिसतो व मग गांवांत.

आपल्या गांवाची साक्ष निराळी आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा' (१९१५) या ग्रंथांत मुलाणा गांवच्या वतनदारांत आहे. हिंदूंच्याही घरचा बकरा हलाल करण्याचा मान त्याचा, व पिकांतील वांटा त्याच्या हक्काचा. त्याची ओळख वतनानें ठरते. तो शेख कीं पठाण, हें गांव विचारीत नाहीं. सोलापूर जिल्ह्यांत मुलाणी, बागवान, तांबोळी, आतार, मणेर, पिंजारी हीं आडनांवें आजही घरोघर आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसींत चादरी व टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांचे हजेरीपट पाहिले तरी तीं भेटतील. क्रूक यांच्या पहिल्या प्रकरणावरून हा हजेरीपट उलगडणार नाहीं.

अलीकडे खुद्द पाश्चात्त्य विद्यापीठांतच या दृष्टीवर टीका झाली आहे. तलाल असद यांनीं १९८६ सालच्या आपल्या निबंधांत गीर्ट्झ व गेल्नर यांचें खंडन करून, मुसलमान जेथून आरंभ करतात त्या कुराण-हदीसच्या वादपरंपरेपासूनच अभ्यासकानें आरंभ करावा, असें प्रतिपादिलें. युरोपांत स्थायिक झालेल्या मुसलमानांस केवळ 'परकी संस्कृति' म्हणून मोजणाऱ्यांना हा इशारा योग्यच आहे. जाफर शरीफला तर तो नको होता. शास्त्राचें काय व रूढीचें काय, हें तो जागजागीं वेगळें करून सांगतो. परंतु असद यांच्या सूत्रांतही आमच्या मुलाण्यास जागा सांपडत नाहीं, असें मला वाटतें. त्याचा हक्क ना हदीसवरून आला, ना वंशावरून. तो पांढरीच्या कागदांत आहे.

म्हणून संग्राहकांस दोन विनंत्या. १८३२ ची प्रत दृष्टीस पडल्यास 'जुनी आवृत्ति' म्हणून टाकूं नये. तिच्या परिशिष्टांतील नात्यांच्या, पोशाखांच्या व दागिन्यांच्या याद्या मोडी कागदांतील शब्दांशीं ताडून पाहण्याजोग्या आहेत. दुसरी विनंति मुलाणी व काझी घराण्यांतील रुमालांविषयीं. असे रुमाल 'मुसलमानी' म्हणून मोडी वाचणारा सोडून देतो, आणि आंत मोडी आहे म्हणून फारसी वाचणारा परत करतो. कांहीं आदिलशाही फर्मानें तर दोन्ही लिप्यांत असतात, व काझीचा शिक्का मराठी महजरांवरही सांपडतो. असा रुमाल हातीं आल्यास तो फोडून वांटूं नये, आहे त्या क्रमानेंच उतरून घ्यावा.