मनमाडचे भाषण आणि चिखल्याची सभा

चिखल्यात जयंतीला व्याख्याने होतात. समोर बसतात मँगनीजच्या खाणीत राबणारे. वक्ते बोलतात घटनेवर, पंचशीलावर. मजुरीवर अक्षर नाही. बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू एका दमात सांगितले. नुसते सांगितले नाहीत. अस्पृश्य गँगमन गँगमनच का राहतो, गिरणीच्या विणखात्यात त्याला मज्जाव का, हे दाखवले. तिथे आडवा येणारा केवळ मालक नव्हता, सवर्ण कामगारही होता. म्हणून त्या भाषणातले अर्थकारण आणि नीती वेगळी काढता येत नाही. आमचे वक्ते (त्यांत प्राध्यापकच फार) पहिला शत्रू तेवढा घेतात. एखाद्या कंत्राटी मजुराने उठून हजेरीचे, पगाराचे विचारले, तर अध्यक्ष म्हणतात, ‘विषयाला धरून बोला.’