‘वरचा सा’ आणि आकडा : दूरचित्रवाणीवरील मराठी गानस्पर्धांची परिभाषा

गुणांकनासाठी सप्तकातील स्वरनामे वापरण्याची योजना झी मराठी वाहिनीच्या ‘सा रे ग म प’ या कार्यक्रमाने मराठी प्रेक्षकांत रूढ केली. उत्तम गायनास ‘ध’, त्याहून सरस वाटल्यास ‘नी’, आणि परीक्षक भारावून गेले म्हणजे ‘वरचा सा’. योजना चतुर आहे यात शंका नाही. परंतु संगीतशास्त्रात निषाद हा धैवताहून उंच असतो, श्रेष्ठ नव्हे. भूप रागात तर निषाद वर्ज्यच आहे. तेव्हा भूप गाणाऱ्यास बक्षीस म्हणून ‘नी’ देणे हा शास्त्रदृष्ट्या विनोदच म्हटला पाहिजे. येथे गुणवाचक संज्ञेचे क्रमवाचक संज्ञेत रूपांतर झाले आहे, आणि ज्या व्यवसायाचे अस्तित्वच क्रमावर अवलंबून आहे त्याच्या दृष्टीने ते अर्थपूर्ण आहे.

या स्पर्धांत ‘लोक’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वावरतो, हे सहसा ध्यानात येत नाही. भ्रमणध्वनीवरून लघुसंदेश पाठवून मत देणारे ते एक लोक. हे मत पैसे मोजून द्यावे लागे आणि उत्साही समर्थकास ते पुनःपुन्हा देता येई. म्हणून त्याला ‘कौल’ म्हणणे कितपत यथार्थ आहे, हा प्रश्नच आहे. दुसरे लोक म्हणजे ज्यांच्या घरी प्रेक्षकमापक यंत्र बसविले आहे ते. त्यांनी काही करावयाचे नसते; त्यांनी नुसते पाहिले की आकडा तयार होतो, आणि जाहिरातीचा दर त्या आकड्यावर ठरतो. गायकाचे भवितव्य पहिल्या लोकांच्या हाती, कार्यक्रमाचे दुसऱ्यांच्या. निवेदक मात्र दोघांनाही ‘महाराष्ट्र’ या एकाच नावाने संबोधतो.

२००८-०९ मधील ‘लिटिल चॅम्प्स’ या पर्वात हा भेद मराठवाड्याच्या संदर्भात विशेष स्पष्ट होतो. अंतिम पाच स्पर्धकांत आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरी जिल्ह्यातील प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर आणि लातूरचा रोहित राऊत हे होते; फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजयी झाली. त्या काळी ‘टॅम’ या संस्थेच्या मोजणीत ग्रामीण भाग जवळजवळ नव्हता. औसा किंवा लोहा तालुक्यातील एखाद्या खेड्यातून लातूरच्या मुलासाठी संदेश गेला, तर तो मतात धरला जाई. तेच घर रात्रभर कार्यक्रम पाहत बसले, तर त्या पाहण्याची नोंद कोठेही होत नसे. २०१० साली नेमलेल्या अमित मित्रा समितीने सुमारे ८,००० यंत्रांची संख्या टप्प्याटप्प्याने ३०,००० पर्यंत वाढवून ग्रामीण भाग समाविष्ट करण्याची शिफारस केली. प्रत्यक्षात ‘बार्क’ या नव्या संस्थेचे आकडे २०१५ च्या एप्रिलपासून आणि ग्रामीण आकडे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून येऊ लागले. तोपर्यंत मराठवाड्याचे खेडे हे मतदार होते, प्रेक्षक नव्हते.

त्या पर्वातील उपनामेही तपासून पाहण्याजोगी आहेत. कोकणच्या प्रथमेशला ‘मोदक’ म्हटले गेले, आणि त्या शब्दामागे एक प्रदेश, एक स्वयंपाकघर, एक दैवत उभे आहे. आळंदीच्या मुलीमागे वारकरी परंपरा आपोआपच होती. लातूरच्या मुलाच्या वाट्याला आले ते ‘रॉकस्टार’. त्याच्या गायनशैलीस ते शोभत असेलही. पण षष्ठीचा प्रत्यय लावलेले ‘लातूरचा’ हे पद त्या उपनामाला काहीच पुरवीत नाही. मुंबईच्या कल्पनाशक्तीला लातूर म्हणताच १९९३ चा किल्लारीचा भूकंप, परीक्षेतील गुणांचा ‘लातूर पॅटर्न’, आणि पुढे २०१६ मध्ये मिरजेहून आलेली पाण्याची आगगाडी आठवते. गाणे आठवत नाही. वस्तुतः नांदेड जिल्ह्यातच माहूरच्या रेणुकेचा गोंधळ आहे, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात अखंड शबद-कीर्तनाची परंपरा आहे. यांपैकी कोणत्याही गाण्याला ‘ध’ किंवा ‘नी’ देता येत नाही, कारण ती स्पर्धेसाठी गायिलेलीच नसतात.

वाहिन्यांच्या चढाओढीने यात वैविध्य आले असते, तर तक्रार उरली नसती. ‘सा रे ग म’ हा मूळ हिंदी कार्यक्रम १९९५ चा, देशी घडणीचा. ‘इंडियन आयडॉल’ हा २००४ पासूनचा, ब्रिटनमधील ‘पॉप आयडॉल’वरून घेतलेला. कुळे भिन्न, पण मराठीत उतरताना दोन्हींचे रूप एकच झाले. २०१७ मध्ये कलर्स मराठीने ‘सूर नवा ध्यास नवा’ आरंभिला, तेव्हा परीक्षकांत अवधूत गुप्ते होतेच. ‘लिटिल चॅम्प्स’चे परीक्षकही तेच. तेथे स्वरनामांऐवजी ‘राजगायक’, ‘राजगायिका’, ‘सुवर्ण कट्यार’ अशी दरबारी परिभाषा आली. प्रेक्षकांच्या पसंतीवर जगणाऱ्या खेळाने राजाश्रयाचे शब्द उसने घ्यावेत, यातील विसंगती कोणाला खटकली नाही. सोनी मराठीने २०२१ मध्ये ‘इंडियन आयडॉल मराठी’ आणले ते अजय-अतुल यांच्यासह. रोहित राऊत स्वतः २०२० मध्ये सोनीवरील हिंदी ‘इंडियन आयडॉल’चा उपविजेता ठरला आणि २०२१ मध्ये आपल्या चारही जुन्या सहस्पर्धकांसह झी मराठीवर बालगायकांच्या परीक्षणास बसला. प्रतिस्पर्धी वाहिन्या एकमेकींची माणसे घेतात, कारण आकड्याला परिचित चेहरा लागतो. नवे गाणे ही जोखीम असते.

भाषेच्या बाबतीत ही जोखीम कोणीच पत्करलेली नाही. लातूर-नांदेडकडे ‘काय करलालास?’ हे अपूर्ण वर्तमानाचे नित्याचे रूप आहे. निवेदनात मात्र ‘करतोयस’ हेच येते. ‘करलालास’ला मंचावर प्रवेश आहे तो एखाद्या प्रहसनात, हशा पिकविण्यासाठी. स्पर्धकाच्या आईवडिलांची बोली कौतुकाने ऐकविली जाते, पण लगेच निवेदक तिचे प्रमाण मराठीत पुनःकथन करतो, जणू मराठी प्रेक्षकाला मराठीचाच अनुवाद हवा आहे. ग्रामीण घरे मोजणीत आल्यानंतरही या रीतीत फरक पडलेला नाही. यंत्र घर मोजते. त्या घरात कोणती क्रियारूपे बोलली जातात याची त्याला गरज नसते.